सासूबाईंचा वेग आणि माझं वजन

खेळाडूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी टायपिस्ट आहे. (खेळाशी माझा संबंध एवढाच, की टाइप करताना माझी बोटं धावतात.) साहेबांचा नवा शोधनिबंध टाइप केला आणि सहज एक प्रत घरी नेली. तिथेच फसलो.

आमच्या सासूबाई ज्येष्ठांच्या शर्यतीत धावतात. गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरच्या रिटायर्ड मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोटभर अंतराने हरवलं. तेव्हापासून दोघींमध्ये फक्त हसण्यापुरते संबंध उरले होते.

सासूबाईंनी चष्मा लावून निबंध वाचून काढला.

"जावईबापू, यात म्हटलंय, मागे वजन बांधून थोडंसं अंतर जोरात धावायचं, मग भरपूर विश्रांती. पायांत ताकद येते, सुरुवातीचा वेग वाढतो. पण वजन आणायचं कुठून?"

बायको भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"घरात पडून असतं की एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या कमरेला दोरी, दोरीला सतरंजी आणि सतरंजीवर मी, अशी वरात कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. पहिल्या धावेला सतरंजी गेली, मी राहिलो. मग बायकोने मला सतरंजीला बांधलं. (गाठ बघून तिचा बेत दीर्घ मुदतीचा वाटला.)

सासूबाईंचा वेग खरंच वाढू लागला. आणि एके दिवशी नेमकी फरशी नुकतीच पुसलेली होती. सासूबाई थांबल्या, मी थांबलो नाही. (वजन थांबवायचं कसं, यावर साहेबांनी एक ओळही लिहिलेली नाही.) त्या चपळाईने बाजूला झाल्या, दोरी सुटली आणि मी मुख्याध्यापिकाबाईंच्या उघड्या दारातून थेट त्यांच्या जेवणाच्या टेबलाखाली पोचलो.

बाई टोस्ट खात होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"काय हवंय?"

"काही नाही. सराव चाललाय."

"कुणाचा?"

"यांचाच," दारातून सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "घसरायची फार हौस. डॉक्टर म्हणाले, अडवू नका."

बाईंनी मला हळूच एक टोस्ट दिला.

यंदाच्या शर्यतीत सासूबाई अशा सुटल्या की बाईंना त्यांची पाठच दिसत राहिली. पण शेवटी बाईंनीच त्यांना आधी मिठी मारली. दोघी लहान मुलींसारख्या हसत होत्या, मीही उगाचच टाळ्या पिटत होतो.

बक्षीस द्यायला आमचे साहेबच आले होते.

"सगळं श्रेय आमच्या जावयांचं," सासूबाई म्हणाल्या. माझी छाती फुगली.

"अरे वा. यांनी ट्रेनिंग दिलं?" साहेबांनी विचारलं.

"छे हो. हे नुसते बसून होते."

साहेबांनी मान डोलावली. "ऑफिसातही तसंच आहे."