मागे जाण्याची कार्यपद्धती

लग्न ही मुळातच गंभीर बाब आहे आणि संगणकामुळे ती अधिक गंभीर झाली आहे.

सदाशिव पेठेतले बद्रीनाथ सरकारी खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याच सुमारास वधूवर मंडळाने फायली माळ्यावर टाकून वेबसाइट काढली. मुलगा तेजस खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. बद्रीनाथांनी घरात रीतसर समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य पत्नी द्वारकाबाई, नकाराधिकारासह. तेजसकडे माउस सोपवण्यात आला. मत मागवण्यात आलं नव्हतं. (नवरा मुलगा असल्याने तो हितसंबंधी ठरत होता.)

वेबसाइट बघताना वर डाव्या कोपऱ्यात मागे जायचा बाण असतो. तो शोधून काढणारा इसम नक्की मुलाचा बाप असणार, अशी बद्रीनाथांची खात्री होती. पूर्वी पोहे खाऊन उठताना 'कळवतो' म्हणावं लागे आणि पुढे वर्षभर त्या गल्लीतून जायची चोरी. आता बाण दाबला की मुलगी गेली. पुढचा बाण दाबला की पुन्हा हजर. तीच साडी, तेच हसू, राग म्हणून नाही!

समितीचा नियम साधा होता. स्थळ आवडलं की ताबडतोब मागे जाऊन आधीचं बघायचं, न जाणो, तेच सरस असलं तर? ते आवडलं की पुन्हा पुढचं. संध्याकाळच्या कामकाजात निम्मा वेळ मागे जाण्यात आणि निम्मा पुढे येण्यात जाई. उरलेल्या वेळात मुली बघितल्या जात. शिवाय परक्यांच्या लेकी बघितल्याचा मागमूस सभ्य घरात राहू नये, म्हणून अध्यक्षांच्या आदेशाने तेजसने संगणकाला काहीही लक्षात ठेवायची बंदी केली होती.

एका रविवारी चहाचा कप उचलताना द्वारकाबाईंचं कोपर तेजसच्या हाताला लागलं आणि कडेच्या, दर वेळी बदलणाऱ्या 'इतर स्थळे' या चौकटीतलं भलतंच पान उघडलं. मुलगी कात्रजची. (मुलींची नावं मंडळ झाकून ठेवी, दिसे तो फक्त नोंदणी नंबर.) 'स्वयंपाक' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'येत नाही. भूक मात्र छान लागते.'

तेजस खो खो हसला. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी अध्यक्षही हसले, आणि तेही कामकाज चालू असताना.

"बाबा, हीच," तेजस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

समितीचं हे पहिलंच एकमत. बद्रीनाथांना इतका आनंद झाला, की उठून पेढे आणावेत असं वाटलं.

"हीच," ते म्हणाले. "पण पद्धत म्हणून एकदा मागे जाऊ."

मागे गेले. तिथल्या यादीत सहकारनगरच्या एका मुलीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही जरा उघड बघू." तेजसने उघडली. झालं! पुढे जायचा बाण राखाडी पडला.

"दाब की!"

"दबत नाही. मागे जाऊन दुसरीकडे वळलं की पुढची वाट पुसली जाते."

"मग ती गेली कुठे?"

"ती आहे तिथेच आहे, बाबा. आपणच हरवलोय."

नंबर कुणी टिपला नव्हता; मागे जाता येतं तर टिपायचा कशाला? संगणकाला तर आठवायची बंदीच. अपेक्षा भरून शोधावं, तर गृहकृत्यदक्ष ती नाही, उंची दोन बोटं जास्त, पत्रिकेपुढे 'कल्पना नाही'. समितीला मनापासून आवडलेली एकुलती एक मुलगी समितीच्याच अपेक्षांनी आधीच बाद केलेली होती.

तेजस न जेवता उठला. ते बघून द्वारकाबाईंचा धीर सुटला. "अहो, जळोत मेल्या त्या अपेक्षा! काढून टाका सगळ्या!"

बद्रीनाथ एकेक अपेक्षा काढत गेले. (पोटजातीपाशी हात थबकला. द्वारकाबाई खाकरल्या. तीही गेली.) मग समितीने मंडळातल्या यच्चयावत मुली एकदाही मागे न जाता पाहिल्या आणि ती सापडली! मंडळाकडून नाव मिळालं, नम्रता. बद्रीनाथांनी तिच्या वडिलांना फोन लावला.

"वा, वा!" माधवराव म्हणाले. "तुमच्या तेजसचंच पान समोर उघडं आहे. आम्हाला सगळ्यांना पसंत आहे. फक्त पद्धत म्हणून एकदा मागे जाऊन आधीचा..."

"अहो, नका! हात काढा त्या माउसवरून!" बद्रीनाथ असे ओरडले, की खालच्या दवाखान्यातले पेशंट रस्त्यावर आले.

तिकडे टिचकी वाजली. पाठोपाठ मुलीचा आवाज आला, "बाबा, पुढचा बाण कुठे गेला हो?"

बद्रीनाथांनी मुलाचा नोंदणी नंबर ठणाणा करून सांगितला, लिहून घ्यायला लावला, परत वाचून घेतला. लग्न झालं.

आपण हसत असाल तर जरूर हसा. फक्त आज जेवताना समोरच्या पाटावर बसलेल्या आपल्या माणसाकडे एकदा नीट बघा. आपल्या वेळी हा बाण नव्हता, म्हणून ते आपल्यापाशी थांबलं.