जाऊबाईंचा कोयता

आमच्या थोरल्या जाऊबाई कोयत्याला धार लावायला बसल्या की घर शांत होई. कारण तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी असे. तांब्यातलं पाणी तोंडात भरायचं, गाल फुगवायचे, अंगणातल्या दगडावर दोन्ही हातांनी कोयता घासायचा आणि ओठांच्या कोपऱ्यातून बारीक चूळ सोडत दगड ओला ठेवायचा. मध्येच कुणी काही विचारलं तर उत्तर फक्त "हूं". आखूड हूं म्हणजे हो. लांबलचक हूं म्हणजे म्हैस सुटली आहे, डोळे फुटले का.

मी लग्न होऊन कडावला आले ती कर्जतच्या बाजारातून. वडिलांचं कापडाचं दुकान, त्यामुळे कात्रीपलीकडे कुठल्या पात्याशी माझी ओळख नव्हती. इथे मात्र थंडी सरली की राबाची घाई. माळावरच्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, भारे बांधून शेतात आणायचे, पसरून जाळायचे. त्या भाजलेल्या जमिनीत पुढे भाताचं रोप चांगलं धरतं. सगळा कारभार कोयत्याचा. सासूबाईंनी मलाही एक कोयता दिला आणि जाऊबाईंच्या मागे माळावर धाडलं.

जाऊबाई भारा बांधून सावलीत टेकलेल्या असत, तेव्हा माझी फांदी सालीला लोंबकळत असे. त्या तोडत, मी बडवत असे. सासूबाई गावभर सांगत, "थोरलीचा कोयता चालतो, धाकटीची जीभ."

मी जळायचे. त्यात आडपडदा कसला? एकदा, एकदाच माझा भारा आधी बांधून व्हावा आणि तो सासूबाईंच्या नजरेला पडावा, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं. देवानं ते ऐकलं नाही, कारण जाऊबाईंच्या कोयत्यापुढे त्याचंही काही चाललं नसतं.

त्या कोयत्याचे लाड तरी किती! माळावरून आलं की पात्याला चिकटलेला झाडाचा चीक राखेनं घासून काढायच्या, फडक्यानं कोरडा करायच्या आणि वर करंजाच्या तेलाचा हात फिरवायच्या. त्या घरात माझ्या केसांना एवढं तेल मिळत नव्हतं. त्याची खुंटीसुद्धा ठरलेली. एकदा मी तिथे माझा कोयता अडकवला, तर जाऊबाईंनी तो काही न बोलता काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला.

मग मीही धार लावायला शिकायचं ठरवलं. दगडावर पाणी घालायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हे तांब्या घेऊन समोर उकिडवे बसायचे आणि "घास, घास, दगड संपला की सांग" म्हणून चेष्टा करायचे. मी चवताळून अंगातलं सगळं बळ लावायचे. एकच बाजू घासून घासून पात्याची कड पार वळली. जाऊबाईंनी येऊन ते पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. चांगली धार नखावर रुतून राहते. माझी सर्रकन घसरली.

"लोनी कापाया चांगला हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, खुबी त्या तोंडातल्या पाण्यात असणार. दुसऱ्या दिवशी मीही गाल फुगवून बसले. ह्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं आणि मला हसू फुटलं. सगळं पाणी ह्यांच्या सदऱ्यावर. आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. जाऊबाई ओटीवर बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या.

"तुम्ही तोंडात पाणी का हो धरता?" मी नंतर विचारलं.

"दोन हात कोयत्याला लागतात. पानी कोन घालनार? तोंडच काय ते रिकामं."

मला तो टोमणा वाटला. मी नवऱ्याला राबवते म्हणून. त्या दिवशी मी त्यांच्यावर दुप्पट जळले.

शिमग्याला थोरले भावजी आले. मुंबईला गिरणीत होते, सणासुदीपुरते घरी येत. आले तरी दिवसभर देवळाच्या पारावर पत्ते. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाईंनी दगड धुतला, भरलेला तांब्या शेजारी ठेवला आणि कोयता मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तोंडात पाणी नव्हतं. केसांत अबोलीचा वळेसर होता. भावजी टोपी घालून बाहेर निघाले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अवो, जरा पानी घालता का?"

"तुला कशाला मानूस लागतंय?" भावजी हसले. "तुजं तोंड हाय की."

बाहेर उभे असलेले त्यांचे दोस्तही हसले आणि सगळे पाराकडे गेले.

मी दारात तांदूळ निवडत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. सूप बाजूला ठेवून मी गेले, तांब्या उचलला आणि समोर बसले. जाऊबाईंनी वर पाहिलं नाही. कोयता दगडाला टेकवला. मी पाणी सोडलं, त्या घासू लागल्या. अजिबात जोर न लावता, पात्याच्या या बाजूनं जितकं तितकंच त्या बाजूनं. एवढ्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुज्यावर लई जळते गं मी."

"माझ्यावर?"

"तुमी दोगं हितं बसून हसता ना. मला आत कायबी सुचत नाय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर जळत होतं, आणि तेही जाऊबाई. मला त्याचा जराही आनंद होईना. मी तांब्या धरून तशीच बसले.

"घाल गं पानी," त्या म्हणाल्या. "दगड सुकला."