तुम्ही म्हणाल तसं, इवाई!

ब्रिजच्या टेबलावर जोडीदारांची भांडणं होतात, कारण लोकांना जोडीदार निवडता येत नाही. मी थेट इवाईच निवडला! व्याह्याशी कोण भांडेल? आणि तेही लग्न महिन्यावर आलेलं असताना?

आमच्या मेघाचं लग्न देवगाव रंगारीच्या सांडूभाऊंच्या संघपालशी ठरलं. सांडूभाऊ निवृत्त मास्तर, मी निवृत्त पाटबंधारेवाला, आणि वेड दोघांना एकच. आमच्या सिडकोतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ब्रिज स्पर्धेत मी लगेच जोडीचं नाव देऊन टाकलं.

"हरलात तरी चालेल," माझी बायको विशाखा म्हणाली, "पण त्यांचं मन दुखावलं तर बघा! पोरीला त्या घरात जन्म काढायचाय."

आता ब्रिजमध्ये आपले पत्ते जोडीदाराला उघड सांगता येत नाहीत, बोलीतून सुचवायचे. एकानं 'चार बिनहुकूम' म्हटलं, म्हणजे त्यानं जोडीदाराला विचारलं, 'एक्के किती?' माझ्या पद्धतीत 'पाच किलवर' म्हणजे एकही नाही आणि 'पाच चौकट' म्हणजे एक. सांडूभाऊंच्या पद्धतीत नेमकं उलटं!

"तुमचीच पद्धत ठेवू," मी म्हणालो. "तुम्ही पोराकडचे, मान तुमचा."

"नाय नाय इवाई, पोरगी देताय तुम्ही. तुमचीच ठेवू."

"छे, तुमचीच!"

"असं नाय चालायचं!"

अर्धा तास चाललं. शेवटी दोघंही "बरं, तुमचंच खरं" म्हणालो आणि चहा प्यालो. लग्न कुठं करायचं, यावरही त्याच दिवशी अशीच गोड बोलणी झाली होती. मी देवगाव म्हणत होतो, ते सिडको. तिथंही शेवट 'तुमचंच खरं' असाच झाला.

आठवडाभर मी त्यांची पद्धत घोकली. "दळण आणलं का?" असं विशाखानं विचारलं, तर तोंडून निघालं, "पाच चौकट!"

स्पर्धेचा दिवस. सांडूभाऊंनी ऐटीत विचारलं, "चार बिनहुकूम." माझ्या हातात औषधालाही एक्का नव्हता. त्यांच्या पद्धतीनं म्हणालो, "पाच चौकट!" सांडूभाऊ खुलले आणि थेट सहा इस्पिकवर गेले! म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. समोरच्यांनी बसल्या बसल्या दोन एक्के आपटले, आणि आम्ही बुडालो.

चहाच्या सुट्टीत उलगडा झाला. बिचाऱ्यांनी आठवडाभर माझी पद्धत घोकली होती! माझं 'तुमचंच खरं' त्यांनी होकार धरलं होतं, आणि त्यांचं मी.

"चुकी माझी," ते म्हणाले.

"नाही हो, माझी!"

"लई वाईट वाटून ऱ्हायलं, इवाई."

या माफीनाम्यातच घंटा वाजली. पद्धत ठरलीच नाही! मी विचार केला, आता ओशाळून हे आपल्या मूळ पद्धतीवर जातील. तेव्हा मी त्यांचीच धरून ठेवावी. पुन्हा 'चार बिनहुकूम' आलं. या खेपेला माझ्याकडे एक एक्का होता. "पाच किलवर!" मी छातीठोक म्हणालो. सांडूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी पाच इस्पिकवरच थांबून घेतलं आणि बारा हात आरामात केले! हेच पत्ते आलेल्या बाकी सगळ्या टेबलांनी सहा बोलून पुरे गुण घेतले होते.

त्यांनीही तोच विचार केला होता. मी ओशाळून माझ्या पद्धतीवर जाईन, म्हणून त्यांनी माझीच धरून ठेवली होती!

आमचा नंबर शेवटून पहिला. माझं डोकं गरगरत होतं, पण मन कुणाचं दुखावलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर समाधान मानत मी सांडूभाऊंना जेवायला घरी आणलं.

दारातच मेघा उभी. एका हातात आमच्याकडची लग्नपत्रिका, दुसऱ्या हातात त्यांच्याकडची. दोन्ही आजच छापून आलेल्या.

"पप्पा, आपल्या पत्रिकेत लग्न देवगावला आहे. यांच्या पत्रिकेत सिडकोत. एकाच दिवशी, साडेबारा वाजता!"

मी सांडूभाऊंकडे पाहिलं. सांडूभाऊंनी माझ्याकडे.

"तुम्ही म्हणाल तसं करू, इवाई," ते हळूच म्हणाले.

"नाही नाही, तुम्ही..."

"खबरदार!" विशाखा आतून कडाडली आणि तिनं दोन्ही पत्रिका हिसकावून घेतल्या.

आता लग्न कुठं आहे ते तिनं आणि विहीणबाईंनी फोनवर दोन मिनिटांत ठरवलंय. आम्हा दोघांना फक्त तारीख कळवली आहे. त्या दिवशी येऊन घेऊन जातील म्हणे.