हात लावला की भरणारी कॅन

उद्यान विभागाकडे गवत कापायचं एक यंत्र होतं आणि त्याच्या पेट्रोलसाठी दोन लिटरची पांढुरकी प्लास्टिकची कॅन होती. पेट्रोल किती उरलं, हे माळी पंचवीस वर्षं कॅन उजेडात धरून सांगत आला होता. नव्या अधीक्षकांना ही बाब गंभीर वाटली. "डोळ्यांना दिसते हे मान्य, परंतु डोळ्यांचा अहवाल निघत नाही," असं त्यांनी लेखी कळवलं.

मग तंत्रज्ञबाई आल्या. त्यांनी कॅनला बाहेरून धातूच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि वर इवलासा पडदा बसवला. आत पेट्रोल जितकं जास्त, तितकी पट्ट्यांमधली विद्युत धारकता जास्त. त्यावरून पडद्यावर टक्के उमटणार. याला कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणतात, हे माळ्याने सही करून मान्य केलं.

आठवड्याभरात कॅन रिकामी झाली. ती पोटाशी कवटाळून माळी अधीक्षकांपुढे उभा राहिला.

"साहेब, पेट्रोल संपलं."

पडद्यावर शंभर टक्के होते. मागणी नामंजूर झाली. चार दिवसांनी नोटीस आली: कॅन भरलेली असताना गवत का वाढले? समाधानकारक खुलासा न आल्यास सेवा समाप्त.

माळ्याचं धाबं दणाणलं. त्याने कॅन टेबलावर ठेवली, शून्य. धरली, शंभर. तो तसाच कचेरीत धावला. तंत्रज्ञबाई अधीक्षकांसमोरच बसल्या होत्या.

"बाई, हे माझ्या हातालाच पेट्रोल समजतंय!"

"हात जवळ आला की धारकता वाढतेच, काका. सेन्सर बरोबर आहे. हात चुकीचा आहे."

अधीक्षक मात्र खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुम्ही धरलीत की भरते?"

"भरलेली दिसते, साहेब."

"तेच म्हणतोय मी!"

नोटीस रद्द झाली. पेट्रोलची खरेदी बंद झाली. माळ्याला 'इंधन पातळी धारक' म्हणून बढती मिळाली. बागेच्या फाटकाशी खुर्ची, मांडीवर कॅन आणि डोक्यावर कॅनच्या सेन्सरला जोडलेला भला मोठा फलक: शंभर टक्के. गवत आधी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत.

एका सकाळी माळ्याला राहवेना. कॅन खुर्चीवर ठेवून त्याने विळ्याने हिरवळीचा एक कोपरा झकास कापून काढला. तेवढ्यात फाटकाशी फिरायला आलेल्या मंडळींचा गलका झाला.

"काका, शून्य? काय चाललंय काय?"

"गवत कापत होतो."

"ते राहू द्या हो! आधी ती कॅन धरा."

माळ्याने विळा ठेवून कॅन धरली. फलकावर शंभर आले, तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मंडळी दंवाने ओल्या गवतातून वाट काढत फिरायला गेली आणि जाताना मोबाइलवर बागेला पाच तारे देऊन गेली.

त्यांत तुम्हीही होतात. मोजे ओलेचिंब झाले होते तुमचे, तरी अभिप्रायाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, "व्यवस्था उत्तम."