नथूभाऊंच्या काचा

यमुनावहिनींची चार पत्रं मी टपालात घातलीच नाहीत. त्यांच्या नवऱ्याला, नथूभाऊंना, ती वाचून दाखवली आणि त्यांच्याच हाती दिली. मी गावचा शाळामास्तर, पोस्टाचं कामही माझ्याकडेच. वहिनींना लिहिता येत नसे. त्या सांगत, मी लिहीत असे. सोनगीरला राहणाऱ्या त्यांच्या भावाला दर वेळी एकच मजकूर: मला न्यायला ये. बायकोचं पत्र नवऱ्याने पाहावं, यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

असा बायकोवेडा तालुक्यात दुसरा नव्हता. वहिनी नदीवर गेल्या की नथूभाऊ घड्याळ घेऊन ओट्यावर. दाराबाहेर पीठ भुरभुरत, कुणाची पावलं उमटतात ते बघायला. शेवटी वहिनींच्या घागरीला घुंगरू बांधलं. नदीवरच्या बायकांनी ते सोडून म्हशीच्या गळ्यात अडकवलं आणि भाऊ अर्धी दुपार म्हशीमागे हिंडले. गाव हसलं. मीही हसलो. चौथ्या पत्रानंतरही कुणी आलं नाही, तेव्हा वहिनी एका सकाळी एकट्याच सोनगीरला चालत गेल्या.

दोन वर्षं अशीच गेली. धुळ्यात तंबूतला सिनेमा आल्यापासून काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारे जुने जादूचे कंदील कुणी विचारीना. त्यातला एक त्यांनी आणला. काचांवर स्वतः चित्रं रंगवली आणि धोतराच्या पडद्यावर गावोगाव दाखवू लागले. चित्रं स्वतःच्याच संसाराची. कला बेताची, माणसाचं आणि म्हशीचं नाक सारखंच. घड्याळवाला दिसला की पडद्यावर काठी टेकवून म्हणत, "हाऊ येडा कोन? मीच शे." म्हशीच्या काचेला लोक पोट धरून हसत. भाऊ हसू ओसरेपर्यंत थांबत. "हसा. पन ती घरमा रडे."

यंदा त्यांना सोनगीरला खेळ करायचा होता. "तिले इचारा, मास्तर. ती नै म्हनी, तं बठ्ठ्या काचा फोडी टाकसू." एकही ठेवणार नव्हते.

मी सोनगीरला गेलो तेव्हा वहिनी भावाच्या दुकानात पितळी भांडी पुसत होत्या. हातातला तांब्या त्यांनी पुरता पुसून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दखाडू द्या. गावना माणसं बी देखतीन. मी मांगे बठसू."

धर्मशाळेची दारं लावून भरदुपारी खेळ झाला. प्रत्येक काचेत वहिनी पाठमोऱ्या. कुणीतरी टोमणा मारला, "भाऊ, तोंड काढता नै ये का?"

"मी तिले लई देखं," भाऊ म्हणाले. "आते पुरं."

मग पत्राची काच आली. वहिनी सांगताहेत, आणि लिहिणाऱ्याच्या जागी नुसती रिकामी चटई. भाऊ न्यायला का आला नाही, हे एका म्हाताऱ्याने विचारलंच, "तिना भाऊ का बरं नै उना?"

"पत्रं मन्हा हातमा व्हतात. बठ्ठा दोष मन्हा शे."

गावोगाव ते असंच सांगत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी ते चालवून घेत होतो. पण आज वहिनी तिथेच बसल्या होत्या.

दारं उघडली. लोक पांगले. मी वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी सतरंजीवर जागा केली. "बसा, मास्तर."

मी बसलो नाही. भाऊ काचा गुंडाळता गुंडाळता थांबले.

"वहिनी, ती चारही पत्रं मी भाऊंना दिली. तुम्ही विश्वासाने सांगत होतात आणि मी तुमचा रस्ता अडवत होतो. चूक माझी आहे. हे सांगायला इतकी वर्षं लावली, तीही चूक माझीच. मला क्षमा करा."