साहेबांचे प्रिंटरास पहिला क्रमांक दिल्याची हकीकत

श्री. मुक्काम नगर, औद्योगिक वसाहत. पाण्याचे पंप करणारे कारखान्याचे कचेरीत प्रिंटरांनी बंड केले आणि मधुवंतीबाईंनी ते मोडिले, ती हकीकत जैसी जाली तैसी लिहिली असे. शाई फिकी वाटल्यास वाचणारांनी गोड मानावी. मजकूर अस्सल आहे.

मधुवंतीबाई म्हणजे कचेरीतील तमाम कॉम्प्युटरांची सरनोबत. फौज मोठी, जबाबदारी मोठी, नोकरी मात्र कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी करार संपे आणि बाईंचा जीव टांगणीस लागे. या खेपेस मॅनेजर सुहासरावसाहेब यांची मर्जी जाली आणि बाईंस कायम करण्याचा हुकूम हेडक्लार्क हेमचंद्रराव यांचे कॉम्प्युटरात तयार जाला. छापून सही व्हावी, इतकेच उरले. परंतु साहेबांची नाशकास बदली जाली होती आणि त्याच दुपारी स्वारी कूच करणार होती. नवे साहेब आले म्हणजे पुन्हा श्रीगणेशा, हे बाई पुरते ओळखून होत्या.

ऐशात सकाळी वीज गेली, मग आली आणि अनर्थ जाला. या कचेरीत राऊटर नामे एक किल्लेदार आहे. तो हरएक यंत्रास क्रमांकाचा पत्ता देतो, आणि वीज गेली की पत्ते नव्याने वाटतो. प्रिंटरांचे मुक्काम हलले, कॉम्प्युटर जुन्याच मुक्कामी खलिते धाडीत राहिले, आणि मग पगाराचे कागद गोदामात व गोदामाच्या पावत्या साहेबांचे टेबली निघू लागल्या. गोदामातील सहादेव सगळ्यांचे पगार वाचून, "आमालाच येवढं कमी व्हय?" म्हणत वर आला.

तेव्हा हेमचंद्ररावांचे फर्मान सुटले, की प्रिंटरांस कायमचे पत्ते द्यावे, आणि साहेबांचे प्रिंटरास पहिला क्रमांक द्यावा, कारण या कचेरीत साहेबांआधी कोणी नाही. आता एक क्रमांक खुद्द किल्लेदाराचा, हे बाईंस पक्के ठाऊक. परंतु हेमचंद्ररावांस नाही म्हणण्याचा तो दिवस नव्हता, सबब बाईंनी जीभ आवरून एक क्रमांक देऊन टाकिला. मग काय पुसता! एका गादीवर दोघे बसले. कोणाचा खलिता कोणास पोचेना, इंटरनेट गेले, सारे प्रिंटर मुके जाले, आणि मंडळी मोबाईल ठेवून एकमेकांची तोंडे पाहू लागली. प्रिंटर तारेने जोडावा, तर तार कोणी नेली ती सापडेना. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. बाईंचे डोळ्यांस पाणी आले आणि स्वतःचाच भारी राग आला.

मग ओढणी खोचून त्या हेमचंद्ररावांपुढे उभ्या राहिल्या.

"सर, एक नंबर राऊटरचा असतो. मला माहीत होतं, पण बोलले नाही. साहेबांना दोनशे एक देऊ या."

"दोनशे एक?" हेमचंद्रराव कडाडले. "साहेब काय रेशनच्या रांगेत उभे आहेत?"

"एकाच्या पुढचे शंभर नंबर राऊटर येईल त्याला वाटतो, सर. दोनशे एक राखीव. तिथून साहेबांना कोणी उठवणार नाही, लाईट गेली तरी."

कोणी उठवणार नाही, हे शब्द हेमचंद्ररावांचे काळजास भिडले. पंख्याखालची खुर्ची त्यांनी स्वतः मोठ्या शर्थीने राखिली होती. तत्काळ मंजुरी जाली.

बाईंनी प्रिंटरावर क्रमांक बदलिला आणि कॉम्प्युटरांस नवा मुक्काम कळविला. प्रिंटर घरघरला, खोकला, आणि हुकूम बाहेर आला. साहेबांचा एक पाय गाडीत पडला होता. सहादेव कागद उंच धरून जिना उतरला आणि ओरडला, "सायेब, थांबा! बाईंचं कायमचं ऱ्हायलंय!" साहेबांनी गाडीचे बॉनेटावर कागद ठेवून सही केली, आणि हसून बाईंस पेढे मागितले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. प्रिंटर दोनशे एक क्रमांकी कायम, मधुवंतीबाई चाकरीत कायम. मग बाईंनी आईस फोन लाविला. आधी हुंदका आला, आणि मग फर्मान सुटले, की आमचे करारासाठी धरिलेले संकष्टीचे उपास आजपासून बंद करावे आणि पोटभर जेवावे. ही फत्ते दप्तरी दाखल असे.