झुंबरशेठचं सर्व्हिसिंगचं बिल

खंडेनवमीला आमच्या राजुरात जो तो आपापली हत्यारं पुजतो. शेतकरी विळे-कोयते मांडतो, न्हावी कात्री-वस्तरा मांडतो, मी माझ्या कुरिअरच्या दुकानात झेरॉक्स मशीनला हार घालतो. माझ्या समोरचे झुंबरशेठ बियाण्याचे आणि खताचे व्यापारी. ते वजनकाटा, गल्ला आणि फवारणीचे पंप ओळीनं मांडतात, आणि त्या ओळीच्या शेवटी समुद्रात बुडी मारायचं एक यंत्र ठेवतात. त्यालाही हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि त्याच्यापुढे हात जोडून जरा जास्तच वेळ उभे राहतात.

या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. समुद्राखाली जाणारी माणसं पाठीवर हवेची टाकी बांधतात. त्या टाकीला हे लावायचं, याची रबरी तोटी दातांत धरायची आणि पाण्याखाली आरामात श्वास घेत हिंडायचं. आता आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, बुडी मारायची म्हटली तर डोकं आपटायचं. पण शेठच्या काचेच्या कपाटात हे यंत्र वर्षभर लटकलेलं असतं. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आलेला एखादा शेतकरी दुकानात डोकावतो आणि विचारतो, "शेठ, हा नवा पंप कितीला दिला?"

"तो विकायचा न्हाई," शेठ म्हणतात. "त्याची सर्व्हिसिंग तुम्हाला झेपायची न्हाई."

सर्व्हिसिंग हा शब्द निघाला की शेठचा पारा चढलाच म्हणून समजा. हे यंत्र दर वर्षी दसऱ्यानंतर पुण्याला सर्व्हिसिंगला जातं. पार्सल माझ्याच हातून जातं आणि माझ्याच हातून येतं, म्हणून या प्रकरणाचा मी पहिल्यापासूनचा साक्षीदार आहे. पार्सल आलं की शेठ आधी बिल वाचतात, मग चष्मा पुसून परत वाचतात, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात.

"पाटील, बराबर हाय का हे? तुम्हीच सांगा. यंत्र वर्षभर कपाटात. पाण्याचा थेंब त्याला लागला न्हाई. मंग सर्व्हिसिंग कशाची केली त्यानं?"

मूळ यंत्रच जुनं, वापरलेलं विकत घेतलेलं. तीन-चार वर्षांच्या सर्व्हिसिंगचा खर्च त्याच्या किमतीच्या कधीच वर गेला होता. मी एकदा सहज म्हणालो, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला शेठ हा."

शेठ पक्के जैन. पाणीसुद्धा गाळून पिणार. "दुकानात कोंबडीचं नाव नका घेऊ," ते म्हणाले. "पण हिशेब बिलकुल तोच हाय."

पुण्याच्या सर्व्हिसवाल्याचं नाव कुलकर्णी. त्याचं आणि शेठचं फोनवरचं बोलणं ऐकायला मी हातातलं काम टाकून समोर जात असे. शेठ फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. त्यांच्या मते लपवून बोललेला सौदा खोटा असतो.

"कुलकर्णी साहेब, फवारणीच्या पंपाचा वॉशर मी चिल्लरमधी देतो. तुमच्या वॉशरला काय सोन्याची कडा लावलीया का?"

"त्याच्यावर माणसाचा जीव असतो, शेठ. तुमच्या पंपावर बोंडअळीचा असतो."

"बोंडअळीला बी जीवच असतो," शेठ गंभीरपणे म्हणाले. कीटकनाशक विकणाऱ्या जैनाच्या तोंडून हे ऐकून कुलकर्णीनं विषयच बदलला. मग म्हणाला, "आणि शेठ, एक विचारायचं होतं. यातून दर वर्षी लाल पूड निघते. ती साफ करायला निम्मा दिवस जातो. त्याचाही चार्ज लावलाय. काय असतं हो ते?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"कुंकू," शेठ म्हणाले.

कुलकर्णीनं फोन ठेवला. पुण्याच्या माणसानं वाद न घालता फोन ठेवलेला मी तेवढा एकदाच ऐकला. पुढच्या खंडेनवमीपासून शेठ यंत्रावर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवतात आणि कुंकू पिशवीला वाहतात.

बदललेले जुने पार्ट परत मागवायचे, हा शेठचा आणखी एक नेम. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडूनही आपण जुनं बेअरिंग मागून घेतोच की. शेठ ते काळे वॉशर तळहातावर घेऊन येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवतात. "याला काय झालंय? कुठं चिरलंय? दाखवा." गिऱ्हाईक बिचारं युरियासाठी आलेलं असतं. ते म्हणतं, "काहीच न्हाई झालं शेठ, चांगलाय." मग शेठचं समाधान होतं आणि कधी कधी पोत्यामागे थोडी सूटही मिळते. गावात हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खर्चाला कळवळणारा माणूस, तर ते यंत्र भंगारात का घालत नाही? ते यंत्र त्यांच्या पिंकीचं आहे.

पिंकी म्हणजे शेठची एकुलती एक. बी.कॉम.ला होती तेव्हा मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली आणि तिकडे पाण्याखाली जाऊन आली. त्यानंतर तिचं मन जमिनीवर लागेना. शिकवण्या घेऊन तिनं पैसे जमवले, कोर्स केला, हे जुनं यंत्र घेतलं. आता ती अंदमानात लोकांना बुडी मारायला शिकवते. शेठना हे कधीच समजलं नाही. "मासे पकडते का?" त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "नाही पप्पा, नुसते बघायचे." "नुसतं बघायला लोक पैसे देतात?" व्यापारी माणूस, त्यांना शंका आली ती पैशाची.

पण खरी ठिणगी पडली ती लग्नावरून. जालन्याचं चांगलं स्थळ आलं होतं. पिंकी नाही म्हणाली. आवाज चढले. आमच्या दुकानापर्यंत ऐकू येत होते. शेठ म्हणाले, "जायचं तर जा, पण मंग परत येऊ नको." बाप असं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, मुलगी थांबेल. पिंकी सकाळच्या एसटीनं गेली. घाईत यंत्र खुंटीवरच राहिलं.

दोन दिवाळ्या बापलेकीत शब्द नव्हता. आईला तिचे फोन यायचे, तेव्हा शेठ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन काहीतरी शोधत राहायचे. कधी चष्मा, कधी किल्ल्या. शेठाणी मला म्हणाल्या होत्या, "डोळ्यावर चष्मा असतो भाऊ, आन् तोच हुडकून राह्यले म्हणतात."

मग एका दुपारी शेठ ते यंत्र घेऊन माझ्याकडे आले. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. म्हणाले, "पाटील, पिंकीला फोन लावा. माझा न्हाई, तुमचा फोन." मी लावला. तिनं उचलला. शेठनी कशी आहेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही. म्हणाले, "तुझं यंत्र चिरलंय. काय करायचं?"

पलीकडे समुद्राचा वारा ऐकू येत होता. ती म्हणाली, "सर्व्हिसिंगला पाठवा पप्पा. पुण्याचा नंबर देते."

तेव्हापासून हे सुरू आहे. यंत्र जातं, बिल येतं, आणि शेठ पिंकीला फोन लावून त्या बिलावर तासभर भांडतात. बापलेक घरात मारवाडी बोलत, पण हे भांडण बाजाराचं, म्हणून ते मराठीत. या वॉशरचे एवढे का? मजुरी एवढी कशी? तो पार्ट दर वर्षी का बदलायचा? ती एकेक समजावून सांगते. "रबर आहे पप्पा. न वापरता ठेवलं की लवकर जातं." शेठना हे सगळं आता पाठ झालं आहे. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाला त्यांनीच हे घडाघडा समजावून सांगितलं आणि लगेच आत जाऊन तेच प्रश्न पिंकीला विचारले. दोघांनाही दुसरं काही बोलायला जमत नाही. वर्षातला तो एक फोन शेठ वर्षभर पुरवतात.

यंदा दिवाळीच्या तोंडावर कुलकर्णीचा फोन मला आला. "हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. पार्ट मिळत नाहीत. तसंच परत पाठवतोय, शेठना सांगा. त्यांच्या मुलीला मी कळवलंय कालच."

पार्सल आलं तेव्हा मी ते घेऊन स्वतः समोर गेलो आणि सांगितलं.

शेठनी खोकं उघडलं नाही. "म्हणजे बिल?"

"बिल नाही शेठ. कामच केलं नाही त्यानं."

"काहीच न्हाई लावलं?"

"काहीच नाही."

ते खुर्चीत बसले. इतकी वर्षं बाजारात काढली, पण बिल आलं नाही म्हणून चेहरा उतरलेला व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. शेठ खोक्यावरून हात फिरवत राहिले. फुकट घरी आलेल्या वस्तूकडे कोणी असं बघत नाही.

"पाटील," थोड्या वेळानं ते म्हणाले, "पार्ट बंद झाल्याचं पिंकीला कळू देऊ नका."

तिला ते आधीच कळलं आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

शेठनी टेबलावरचं युरियाचं बिल उचललं, चष्मा लावला आणि फोन जुळवला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"पिंकी, बिल आलंय यंदाचं. लुटून राह्यलाय तो माणूस."

माझा जीव टांगणीला लागला. ती आता म्हणणार, पप्पा, तो तर म्हणाला पार्टच नाहीत.

"हो का?" पिंकी म्हणाली. "किती लावलेत? सावकाश वाचा पप्पा. एकेक ओळ वाचा."

शेठनी युरियाच्या बिलावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. वॉशर एवढे. मोठा वॉशर एवढे. स्प्रिंग. मजुरी. डोळ्यांसमोर पोत्यांचे भाव होते आणि तोंडातून समुद्राचं सामान निघत होतं. ती प्रत्येक आकड्याला थांबवून म्हणत होती, "हे जास्त आहे. हेही जास्त आहे." शेवटची ओळ संपली तरी शेठनी आणखी दोन पार्ट मनानंच लावले.

मग तेही संपले.

"पप्पा," पिंकी म्हणाली, "हे फोनवर मिटायचं नाही. मी येऊनच भांडते त्याच्याशी."

शेठनी बिल खाली ठेवलं नाही. ते तसंच डोळ्यांसमोर धरून त्यांनी विचारलं, "कधी?"

"इथला सीझन संपला की. उन्हाळ्यात."

"ये," शेठ म्हणाले. "सावकाश ये. बिल काय, मी जपून ठेवतो."